पुढच्या ब्रेकची नाहक बदनामी

‘पुढचा ब्रेक दाबू नकोस हं, उलटशील.’ मुलाच्या हाती गाडीची किल्ली देताना घरोघरी हे सांगितलं जातं. वडील सांगतात, काका सांगतात, गाडी शिकवणारा मित्रही सांगतो. काही जण त्याच्या पुढे जाऊन मेकॅनिकला पुढचा ब्रेक मुद्दाम ढिला ठेवायला सांगतात, म्हणजे पोरानं चुकून दाबला तरी लागायला नको! हेतू काळजीचाच असतो. पण ज्या क्षणी जीव वाचायचा, त्या क्षणाचं मुख्य साधनच या काळजीनं निकामी होतं.

दुचाकी थांबवण्याचं बहुतांश काम पुढचं चाक करतं. एसटीनं करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे ढकलले जातात. दुचाकीवरही तेच घडतं: ब्रेक लागताच गाडीचा आणि चालकाचा भार पुढच्या चाकावर येतो. ते रस्त्यावर घट्ट दाबलं जातं, त्याची पकड वाढते. मागचं चाक त्याच वेळी हलकं होतं. हलक्या चाकाला पकड कमी, म्हणून मागचा, म्हणजे पायाचा ब्रेक जोरात दाबला की ते फिरायचं थांबतं आणि घासत जातं. रस्त्यावर काळा पट्टा उमटतो, टायर किंचाळतो, ब्रेक जबरदस्त लागल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात गाडी पुढे जातच असते आणि मागचा भाग आडवा होऊ लागतो. कोरड्या डांबरावर थांबवण्याची साधारण 70 टक्के ताकद पुढच्या ब्रेकची असते, असं प्रशिक्षक सांगतात.

आता हिशेब करू. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर कापते. धोका दिसून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद धरला, तर ब्रेक लागायच्या आधीच 17 मीटर गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा साधारण 20 मीटरमध्ये थांबतो, तर फक्त मागचा दाबणाऱ्याला सुमारे 40 मीटर लागतात. टायर आणि रस्त्याप्रमाणे आकडे थोडे बदलतील, पण प्रमाण हेच राहतं. पहिला जिथे थांबला, तिथून दुसरा अजून ताशी 42 च्या वेगानं जात असतो. समोर वळणारा टेम्पो असेल, तर तो 42 च्या वेगानं टेम्पोवर आदळतो.

हा कागदी हिशेब वाटत असेल त्यांनी 1981 चा हर्ट अहवाल पाहावा. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला होता. बहुतेक चालकांनी मागचा ब्रेक अति दाबून चाक घसरवलं होतं आणि पुढचा पुरेसा वापरलाच नव्हता. अपघात टाळायला त्यांच्याकडे सरासरी दोन सेकंदांहूनही कमी वेळ होता. त्यातले 92 टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे असं समजायला मला तरी काही आधार दिसत नाही. लायसन्ससाठी आपण आठचा आकडा काढून दाखवतो. तो काढताना गाडी माणसाच्या चालीनं चाललेली असते. जोरात थांबण्याचा सराव त्यातून होत नाही. आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात रस्त्यांवर जे 1,68,491 जीव गेले, त्यातले सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरचे होते.

मग ही समजूत आली कुठून? सायकलवरून. सायकल हलकी, दोन चाकांमधलं अंतर कमी आणि बसणारा उंचावर, त्यामुळे पुढचा ब्रेक कचकन दाबला की माणूस हँडलवरून जातो. शिवाय पुढचं चाक जाम झालेली मोटरसायकल क्षणात खाली आपटते, हे खरं आहे. वाळूवर, ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरनं सांडलेल्या चिखलावर किंवा हँडल वळलेलं असताना ब्रेक झटक्यानं आवळला की हेच होतं. ती चूक आवळण्याच्या पद्धतीची आहे. त्यासाठी ब्रेकच बाद करायचा नसतो.

पद्धत अशी. हँडल सरळ, नजर लांब, गुडघे टाकीला घट्ट, कोपर सैल. आधी पुढच्या ब्रेकची लिव्हर हलकेच घ्यायची. पुढचे शॉकअप दबतात, गाडीचं नाक खाली जातं, टायर रस्त्यावर पसरतो. हे व्हायला अर्धा सेकंदही लागत नाही. भार आला की मग दाब वाढवत न्यायचा, भरपूर वाढवायचा. पायाचा ब्रेक सोबत असतो, पण हलका. क्लच दाबून ठेवायचा. पुढचं चाक घसरतंय असं जाणवलं तर लिव्हर लगेच सोडून पुन्हा दाबायची. मागचं घसरलं आणि गाडी तिरपी झाली, तर पाय एकदम काढायचा नाही. अचानक पकड मिळालेलं चाक चालकाला वर फेकून देतं.

‘पावसात तरी पुढचा नकोच’ हाही याच समजुतीचा धाकटा भाऊ. ओल्या रस्त्यावर भार कमी सरकतो, म्हणून मागच्या ब्रेकचा वाटा थोडा वाढतो, एवढंच. मुख्य काम तेव्हाही पुढचंच चाक करतं. दाब मात्र आणखी सावकाश वाढवायचा आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आधीच वाढवून ठेवायचं.

बाकीच्या समजुती थोडक्यात. ‘धडक होणारच असेल तर गाडी आडवी टाकावी’: डांबरावर घासणारं लोखंड आणि प्लास्टिक रबरी टायरइतकं थांबवत नाही, आणि पडल्यावर हातात काहीच उरत नाही. ‘अंग झुकवलं की गाडी वळते’: वेगात उजवीकडे चटकन जायचं तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलावी लागते, हे मैदानात करून पाहिल्याशिवाय पटत नाही. ‘स्कूटरचा डावा ब्रेक पुरेसा’: सीबीएस म्हणजे एकत्रित ब्रेक असलेल्या स्कूटरवर डावी लिव्हर पुढच्या चाकालाही थोडा ब्रेक लावते, पण पूर्ण नाही, उजवी दाबावीच लागते.

‘एबीएस आहे, मग शिकायचं काय?’ हे मात्र दोन वाक्यांत सोडता येत नाही. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे 125 सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, 125 सीसीपर्यंतच्यांना सीबीएस किंवा एबीएस. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, आणि अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या 2021 च्या अभ्यासात एबीएस असलेल्या मोटरसायकलींचे प्राणघातक अपघात 22 टक्क्यांनी कमी आढळले. पण सुट्या खडीवर त्यानं अंतर वाढू शकतं, आणि वळणात झुकलेली गाडी साधं एबीएस सावरेलच असं नाही. सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकावर असतं. मागचं जाम होतंच. आणि लिव्हर न दाबणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून रिकाम्या मैदानात, हेल्मेट घालून, ताशी 20 पासून सुरुवात करा आणि हळूहळू 40 पर्यंत जा. एबीएस चालू झालं की लिव्हर बोटांखाली थरथरते. नवखा चालक घाबरून नेमकी तेव्हाच ती सोडून देतो. सोडू नका, गाडी थांबेपर्यंत दाबून धरा.