चौकट : काळ्या मातीतली पायवाट

वऱ्हाडाला श्रमदान नवे नाही. शेंडगावच्या गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हातात खराटा घेतला आणि पूर्णाकाठी ऋणमोचनला लोकांच्या मदतीने घाट उभा केला. मानोऱ्याच्या उद्यानात पायवाट सुधारायला उतरणाऱ्यांनी तोच वसा घ्यावा, पण आधी माती ओळखावी.

इथली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. नुसती फरशी टाकली तर ती दोन पावसाळ्यांत उचकटते. म्हणून वरची माती काढावी, मुरूम थराथराने पाणी मारून दाबावा. पायवाटेला उताराच्या बाजूला साधारण ३ ते ५ टक्के कल ठेवावा, म्हणजे पाणी वाटेवर न थांबता बाजूला जाते. चढ तीव्र असेल तर वाट सरळ न नेता वळणाने न्यावी. हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी कुठे साचते ते जाऊन पाहावे.

उद्यानासाठी नगरपंचायतीची लेखी परवानगी लागते. शेजारच्या कारंजा तालुक्यातल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय काही करू नये, झाडे लावण्याचा उत्साहही आवरावा. काळविटाला मोकळे गवताळ रान लागते. तिथे दाट झाडी वाढवणे म्हणजे त्याचे घर हिरावणे.

कामाला येताना कुदळ, फावडे, घमेले आणि पिण्याचे पाणी सोबत आणा.