बरोबरीच्या चिन्हाचा हिशेब

ऑक्टोबर २०२५मध्ये क्वालकॉमने प्रोग्रॅम करता येणारे छोटे बोर्ड बनवणारी आर्डुइनो ही कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं आणि २००५ साली इटलीतल्या इव्रेआत सुरू झालेल्या एका स्वतंत्र वाटचालीचा शेवट दिसू लागला. यानिमित्ताने खुल्या हार्डवेअरचं काय होणार, याची चर्चा झाली आणि ती योग्यच होती. पण या वाटचालीने आपल्याला काय शिकवलं आणि काय शिकवायचं टाळलं, हेही तपासायला हवं. ते तपासायला दोन गोष्टी सारख्या आहेत का, हा प्रोग्रॅममधला सर्वांत साधा प्रश्न पुरेसा आहे.

आर्डुइनोच्या आधीची, १९८०च्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरनंतरची वर्षं इथे चटकन ओलांडता येतात. त्याच्या १२८ बाइट रॅममध्ये काय कुठे ठेवलंय, हे लिहिणाऱ्याला माहीत असावंच लागे. खरी गुंतागुंत सुरू झाली २०१०मध्ये. त्या वर्षी ऊनो बोर्ड आला आणि आर्डुइनोत मजकूर हाताळणारा स्ट्रिंग क्लासही आला. स्ट्रिंगवर बरोबरीचं चिन्ह लावलं की मजकूर ताडला जातो. कॅरॅक्टर ॲरेवर तेच चिन्ह लावलं की फक्त मेमरीतले पत्ते ताडले जातात. सिरियलवरून आलेल्या ‘ऑन’च्या शेपटाला नवओळीचं अक्षर चिकटलेलं असलं, तर बरोबरी जमत नाही. मजकूर म्हणून ‘१०’ हा ‘९’पेक्षा लहान ठरतो, कारण पहिल्या अक्षरावरच निकाल लागतो. मजकुराचा आकडा करणाऱ्या टू-इंटला आकडा सापडला नाही तर तो शून्य देतो, म्हणून खरं शून्य आणि कचरा यांत फरक उरत नाही. पत्त्यांच्या तुलनेसारख्या चुकांवर कंपायलर इशारा देऊ शकत होता, पण आर्डुइनोच्या मूळ सेटिंगमध्ये इशारे बंदच होते. नवशिक्याला घाबरवू नये, हा हेतू समजतो. पण ज्याला इशाऱ्याची सर्वाधिक गरज, त्याच्यापासूनच तो लपवला गेला.

या सोयीमुळेच असंख्य मुलं या क्षेत्रात आली, असं म्हटलं जाईल. ते मान्य आहे. स्ट्रिंग टाळा म्हणणारी दुसरी बाजूही निर्दोष नव्हती. ऊनोच्या दोन केबी रॅममध्ये स्ट्रिंगमुळे मेमरीचे तुकडे पडतात, हे तिचं म्हणणं खरं. पण ‘कॅरॅक्टर ॲरे ताडायला स्ट्रकंप वापरा’ एवढंच सांगून ती थांबली. स्ट्रकंप मजकूर सारखा असला की शून्य देतं आणि इफला शून्य म्हणजे असत्य, हे न समजता वापरलं की अट उलटी पडते. एका घोकंपट्टीची जागा दुसरीने घेतली.

आता ईएसपी३२ या चिपमध्ये पाचशे केबीहून अधिक रॅम आहे, इंट ३२ बिटांचा आहे, मग हा जुना वाद कशाला? कारण रॅम वाढल्याने अर्थ बदलत नाही. फ्लोटमध्ये ०.१ दहा वेळा मिळवलं तर नेमकं १ येत नाही. बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणाऱ्या मिलिसचा आकडा ४९.७ दिवसांनी शून्यावर येतोच. तेव्हा वेळांची वजाबाकी करून फरक ताडावा लागतो. आता तयार कोड एआयकडून मिळतो, म्हणूनही सुटका नाही. तो बरोबर आहे का, हे ठरवायला दोन्ही बाजूंचा प्रकार वाचता यायला हवा. म्हणून अभ्यासक्रमात एलईडी लुकलुकवण्याच्या धड्याला लागूनच तुलनेचा धडा असावा आणि इशारे पहिल्या दिवसापासून चालू असावेत.