आजोबांचे यंत्र, लेकीचा रक्तदाब

पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी येते, तेव्हा घरात आनंद आणि धास्ती एकाच दाराने आत येतात. अलोऱ्यात कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पावसाळ्यात ही धास्ती अधिकच जाणवते. तिच्यावर उपचार करणे हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु दिवसाचे चोवीस तास तिच्याजवळ असता ते तुम्ही, घरातील वडीलधारी माणसे. म्हणून हा लेख तुमच्यासाठी.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत आठव्या महिन्यातील एक मुलगी आईसोबत आली. डोके दुखत होते, छातीखाली जळजळत होते. दवाखान्यात गर्दी होती. मी पित्ताची गोळी दिली आणि रक्तदाब न मोजताच तिला घरी पाठवले. रात्री तिला झटके आले. ती वाचली, बाळ वाचले नाही. आईने जाताना मला एवढेच सांगितले होते, “हिच्या बांगड्या कालपासून हातात रुतताहेत.” ते वाक्य मी ऐकले, पण त्याचा अर्थ लावला नाही. त्या दिवसापासून गरोदर स्त्री कोणत्याही तक्रारीसाठी आली, तरी तिचा रक्तदाब आधी मोजतो.

आकडा तोच, अर्थ वेगळा

आजोबांसाठी आणलेले रक्तदाबाचे यंत्र आज अनेक घरांत असते. आजोबांचा आकडा १४०/९० आला की आपण ‘बरे आहे’ म्हणतो. गरोदर स्त्रीच्या बाबतीत हाच आकडा धोक्याची सूचना असते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढून त्याचा परिणाम मूत्रपिंड, यकृत, मेंदू आणि बाळाच्या वारेवर होऊ शकतो. १४०/९० किंवा अधिक आल्यास थोड्या वेळाने पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० च्या पुढे गेल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

मोजण्यापूर्वी तिला पाच मिनिटे शांत बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर असावा. आकडा, तारीख व वेळ वहीत लिहा. रुग्णालयात ही वही मोलाची ठरते.

एक कळकळीची विनंती : आजोबांची गोळी तिला कधीही देऊ नका. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी वृद्धांना नेहमी दिली जाणारी औषधे गर्भाला अपाय करतात. तिच्यासाठी सुरक्षित गोळ्या वेगळ्या असतात. डॉक्टरांनी त्या दिल्या असल्यास आपल्या मनाने बंदही करू नका.

नजर कशावर ठेवावी?

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणे, चेहऱ्यावर व हातांवर अचानक आलेली सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, पोट लाकडासारखे घट्ट होणे, ताप, धाप. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती काढा नको, रुग्णालय हवे.

अठ्ठावीस आठवड्यांनंतर बाळाच्या हालचालीकडे लक्ष द्या. जेवणानंतर तिला डाव्या कुशीवर निजवून मोजायला सांगा. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा त्या कमी वाटल्या, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्या. ‘बाळ झोपले असेल’ असे म्हणून थांबू नका.

झटके आल्यास तिला डाव्या कुशीवर वळवा व आजूबाजूच्या वस्तू दूर करा. तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. १०८ क्रमांकावर फोन करा.

ताटात आणि अंथरुणात

लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर देऊ नका. दोहोंत काही तासांचे अंतर ठेवा. लोहाबरोबर लिंबूपाणी चांगले. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असणे म्हणजे रक्तक्षय. ७ च्या खाली ते गंभीर होय.

साखरेच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० किंवा अधिक आकडा आल्यास भाताची वाढणी कमी करून नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, भाजी असे थोडे थोडे वाढावे. इन्सुलिन घेणारी मुलगी घामाघूम होऊन थरथरू लागली, तर शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्या.

‘जोखमीचे आहे, अंथरुणातून हलू नकोस’ ही माया समजते; पण डॉक्टरांनी सांगितले नसता सतत निजून राहिल्यास पायांत रक्ताच्या गाठी होऊ शकतात. घरातल्या घरात चालणे, दुपारी विश्रांती एवढे पुरे. मीठ पूर्ण बंद केल्यानेही हा रक्तदाब उतरत नाही.

पावसाच्या आधी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूणची जी दैना केली, ती आपण विसरलेलो नाही. अशा दिवशी वाहन असूनही उपयोग नसतो. म्हणून जोखीम ठरलेल्या मुलीची तारीख जून ते सप्टेंबरमध्ये असेल, तर शस्त्रक्रिया व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयाजवळ तिला आधीच हलवण्याविषयी डॉक्टरांशी बोला. कागदपत्रांची पिशवी, तिच्या रक्तगटाची नोंद, रक्त देऊ शकणारे दोन नातलग आणि १०२ व १०८ हे क्रमांक आजच तयार ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मोफत होते. ती चुकवू नका.

बाळंतपण झाले, पहारा संपला नाही

बाळ कुशीत आले की सर्वांची नजर त्याच्याकडे वळते. पण रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढू शकतो, आणि झटक्यांचा धोका सहा आठवड्यांपर्यंत असू शकतो. यंत्र कपाटात ठेवू नका. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे, दुर्गंधी स्राव, ताप, एकाच पायाला सूज व वेदना या खुणांसाठी तत्काळ निघा. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची प्रथा सोडा. तिला भरपूर पाणी हवे.

पुन्हा त्या आईचे वाक्य आठवते. तिने धोका माझ्याआधी ओळखला होता. फक्त तिने तो आग्रहाने सांगितला नाही. तुम्ही सांगा. डॉक्टर घाईत असतील, तर पुन्हा सांगा. ‘आधी हिचा रक्तदाब मोजा’ एवढे म्हणण्याचा अधिकार तुमच्या वयाने तुम्हाला दिलाच आहे.