पर्सरकडे असलेली यादी

आगबोटींच्या जमान्यात प्रवाशाला कप्तान दिसला तर दुरूनच दिसे. पर्सरशी मात्र रोजची गाठ. केबिन बदलून हवी, पौंडांचे डॉलर करून हवेत, ट्रंक सापडत नाही, शेजारच्या खोलीतला माणूस रात्रभर गात बसतो, अशा प्रत्येक गोष्टीवर कारभाऱ्यांचे उत्तर एकच: पर्सरला भेटा. बोटीचा खजिनदार, हिशेबनीस, टपालबाबू आणि यजमान अशी चारही कामे या एका माणसाकडे असत.

हुद्दा मूळचा ब्रिटिश आरमारातला, आणि तिथे बदनाम. शिधा वाटताना सोळा औंसांऐवजी चौदा औंसांचा ‘पर्सरचा पौंड’ चाले; उरलेले दोन औंस घट-तुटीच्या नावाखाली त्याच्याकडे राहत. १७९७ च्या स्पिटहेडच्या बंडात खलाशांनी पुऱ्या वजनाची मागणी लावून धरली आणि मिळवली. १८५२ साली आरमाराने हुद्द्याचे नाव बदलून ‘पेमास्टर’ केले. प्रवासी बोटींनी जुनेच नाव चालू ठेवले, आणि तिथूनच ते विमानात गेले.

या पेशाची सर्वांत तपशीलवार माहिती मिळते ती ‘टायटॅनिक’मुळे. तिचा मुख्य पर्सर ह्यू मॅकेलरॉय हा लिव्हरपूलचा, वय ३७. धिप्पाड, गोष्टीवेल्हाळ, भोजनगृहात त्याचे स्वतःचे टेबल असे आणि तिथे जागा मिळणे मानाचे समजत. क्वीन्सटाउन बंदरात कप्तान स्मिथच्या शेजारी उभा असलेला त्याचा फोटो आजही पुस्तकांतून छापला जातो. त्याचे ऑफिस ‘सी’ डेकवर, भव्य जिन्यालगत. डेकवरच्या खुर्चीचे भाडे सबंध प्रवासाला चार शिलिंग. तुर्की स्नानाचेही चारच. बिनतारी संदेश पाठवायचा तर मजकूर इथल्याच चौकशी खिडकीवर द्यायचा. पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग, पुढे शब्दाला नऊ पेन्स. पैसे घेतले की कागद हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळीतून थेट बिनतारी खोलीत जाई.

पण त्या ऑफिसातली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे तिजोरी. दुसऱ्या वर्गाचा प्रवासी लॉरेन्स बीझली हा विज्ञानाचा शिक्षक. त्याने बोटीवरची पद्धत लिहून ठेवली आहे. पैसे पाकिटात घालायचे, ते चिकटवायचे आणि झाकणावर आडवी सही करायची, म्हणजे कोणी उघडले तर सहीच तुटेल. पाकिटाला बांधलेला क्रमांकाचा तुकडा फाडून आपल्याजवळ ठेवायचा, तीच पावती. बीझली वाचला आणि तो तुकडाही त्याच्याजवळ राहिला. पाकीट समुद्रतळाशी गेले. एवढ्याशा कागदाच्या तुकड्यात या पेशाचे सारे मर्म आहे.

पर्सरच्या कागदांमध्ये मोलाची मात्र प्रवाशांची यादी. अमेरिकेने १८९३ च्या कायद्याने बोटींना स्थलांतरितांच्या तपशीलवार याद्या सक्तीच्या केल्या, एका तावावर जास्तीत जास्त तीस नावे. वय, धंदा, मागचा मुक्काम, तिकिटाचे पैसे कोणी भरले, खिशात रक्कम किती. पुढे रकाने वाढत गेले आणि ‘अराजकवादी आहात का’ हाही प्रश्न त्यांत आला. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचा अधिकारी ही यादी समोर ठेवूनच माणसाची तपासणी करी. बेटावरच्या कारकुनांनी हजारो घराण्यांची आडनावे बदलली ही अमेरिकेत घरोघर सांगितली जाणारी कथा म्हणूनच टिकत नाही. नावे आधीच, निघण्याच्या बंदरात लिहिलेली असत. यातले बरेच ताव आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. एकदा नाद लागला की रात्र कशी सरते कळत नाही. प्रत्येक ओळीत एक घर सुटलेले असते.

पहिल्या वर्गाची यादी वेगळ्या थाटाची. ती पुस्तिकेसारखी छापून प्रवाशांना भेट म्हणून मिळे. ‘टायटॅनिक’च्या पुस्तिकेत एक इशाराही होता: अटलांटिकवर पत्त्यांचा जुगार खेळून पोट भरणारे लोक वावरतात, जपून राहा. गंमत अशी की त्याच पुस्तिकेत तसले दोन गृहस्थ नाव बदलून हजर होते. जॉर्ज ब्रेरेटन हा ‘ब्रेटन’ झाला होता आणि चार्ल्स रोमेन ‘रोलमेन’. दोघेही वाचले.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री अकरा चाळीसला हिमनगाची धडक बसली. काही वेळातच ऑफिसपुढे दागिने परत मागणाऱ्यांची गर्दी झाली, आणि मॅकेलरॉय व त्याचे सहकारी ते देत राहिले. दुसरा अधिकारी लाइटोलर याने पुढे सांगितले की शेवटी मॅकेलरॉय, सहायक पर्सर बार्कर आणि बोटीचे दोन्ही डॉक्टर डेकवर भेटले, हस्तांदोलन झाले आणि सारे निरोप घेऊन गेले. त्या चौघांपैकी एकही वाचला नाही.

नंतर सुरू झाला आकड्यांचा घोळ. कोणी आयत्या वेळी तिकीट रद्द केलेले, कोणी दुसऱ्याच नावावर आलेले, कोणाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले. मृतांचा आकडा ब्रिटिश चौकशीने १४९० धरला, अमेरिकन सिनेटने १५१७. खुद्द मॅकेलरॉयचा मृतदेह ‘मॅके-बेनेट’ बोटीला सापडला. अंगात पांढरे जाकीट, खिशात बोटीच्या किल्ल्या आणि फाउंटन पेन. क्रमांक १५७, नोंद झाली ती ‘स्ट्यूअर्ड’ म्हणून, आणि दफन समुद्रातच. असल्या चुका होऊ नयेत म्हणूनच ज्याची नेमणूक, त्याच्या वाट्याला हे आले.

यादीचे मोल आपल्याकडेही कळावे असा प्रसंग आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, बुडाली. मृतांचा आकडा सहाशेच्या पुढे, पण नेमका किती हे आजही निरनिराळे सांगितले जाते.

मोठ्या बोटींवर पर्सरची खुर्ची बहुधा गोऱ्याची. पण तो ज्यांच्या बळावर यजमानपण मिरवी, ते पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवरचे भोजनगृहाचे कर्मचारी प्रामुख्याने गोव्याचे. दोन सफरींच्या मधल्या काळात हे तारवटी मुंबईत धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहत. त्यांच्याविषयी जेवढे लिहिले जायला हवे होते त्याच्या पासंगालाही आपण लिहिलेले नाही, ही खंत आहे.

गोव्यात, रत्नागिरीत, मुंबईच्या जुन्या चाळींत अशा तारवट्यांच्या पेट्या अजून असतील. बोटीचे मेनूकार्ड, खलाशाचे नोंदपुस्तक, छापील प्रवासी यादी, पगाराची चिठ्ठी. दिवाळीच्या साफसफाईत असे काही हाती लागले तर रद्दीत घालू नका. मागे तारीख आणि बोटीचे नाव लिहा, स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला किंवा अभिलेखागाराला दाखवा.