शाखा बदलताना

आमच्या नवागामातील खानदेशी घरांत शिक्षकी पेशाला अद्याप मान आहे. तरीही वाणिज्य शाखेत वर्ष काढलेली मुलगी ‘मला मराठी घेऊन शिक्षिका व्हायचे आहे’ असे म्हणाली, की घरात वाया गेलेल्या वर्षाचा हिशेब सुरू होतो. साने गुरुजी मराठी व संस्कृत घेऊन बी.ए. झाले, एम.ए.ला मात्र त्यांनी तत्त्वज्ञान घेतले. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवीत होते. (आपल्या सुरत-भुसावळ लोहमार्गावरचेच ते अमळनेर!) त्यांचे शिक्षण वाया गेले, असे कोण म्हणेल?

आम्हांस वर्षापेक्षा इयत्तेचा प्रश्न मोठा वाटतो. मुलीला शिकवायचे आहे ते कोणाला? पाचवीपर्यंतच्या बालकांना शिकवायचे, तर पदवीचा विषय गौण, तेथे डी.एल.एड., म्हणजे आपल्याकडे ज्याला पी.टी.सी. म्हणतात, ते हवे. त्या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी स्पष्ट केले. पुष्कळ पालकांच्या ते गावीही नसते. माध्यमिक शाळेत मराठी शिकवायची, तर त्या विषयाची पदवी आणि वर बी.एड. लागते. अशा मुलीने शाखा पहिल्याच वर्षाअखेर बदललेली बरी. बी.एड.च्या प्रवेशास पदवीला सामान्यतः ५० टक्के गुण लागतात, आणि नावडत्या विषयात तेवढे मिळवताना मुलांची होणारी दमछाक आम्ही दरसाल पाहतो.