जुनाट बद्धकोष्ठता : शस्त्रक्रियाविरहित उपचार आणि देवनारमधील शौचालयाचा प्रश्न

प्रस्तुत लेखात जुनाट बद्धकोष्ठतेवरील शस्त्रक्रियाविरहित उपचारांचा देवनार परिसराच्या संदर्भात विचार केला आहे. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, कुंथावे लागणे, मळ कठीण असणे, पोट साफ न झाल्याची भावना राहणे ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. २०१६ च्या रोम-४ निकषांनुसार ती किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली व गेले तीन महिने टिकून असावी लागतात. मळावाटे रक्त जाणे वा वजन घटणे असे काही आढळल्यास मात्र प्रथम तपासणीच हवी.

उपचाराचा आरंभ औषधाने नव्हे, सवयीने होतो. न्याहारीनंतर मोठ्या आतड्याची हालचाल प्रतिक्षिप्त क्रियेने वाढते. तीच शौचास जाण्याची योग्य वेळ होय. उकिडवे बसल्याने गुदाशय व गुदमार्ग यांमधील कोन सरळ होतो, म्हणून कमोड वापरणाऱ्यास पायांखाली पाट घेण्यास सांगतात. भाकरी, भाज्या, कडधान्ये व इसबगोल यांतील तंतुमय पदार्थांनी मळ मऊ होतो. पण पुरेसे पाणी न पिता घेतलेला इसबगोल अपायकारकच. एवढ्याने भागले नाही, तर लॅक्ट्युलोजसारखी सौम्य रेचके देतात. काही रुग्णांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू शौचाच्या वेळी सैल होण्याऐवजी आकुंचन पावतात. त्यांना रेचकांचा फारसा उपयोग होत नाही. स्नायूंची हालचाल पडद्यावर दाखवून ते सैल सोडण्यास शिकविणारी बायोफीडबॅक पद्धती त्यांना उपकारक ठरते.

या सर्व उपचारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : वेग आला की जाता येईल असे शौचालय. मलवेग अडवू नये, हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘नवेगान्धारणीय’ अध्यायातही सांगितले आहे. वेग वारंवार दाबल्यास मळातील पाणी शोषले जाऊन तो कठीण होतो आणि गुदाशयाची संवेदना मंदावते.

१९२७ पासूनच्या देवनार कचराभूमीलगतच्या शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्यांतील असंख्य कुटुंबे सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून आहेत. न्याहारीनंतरची वेळ तिथे रांगेची आणि कामावर निघण्याचीही असते. रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून स्त्रिया पाणीच कमी पितात. मुंबईत २०११ साली सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने स्त्रियांकडून मूत्रविसर्जनासाठी घेतल्या जाणाऱ्या पैशांचा प्रश्न मांडला. शौचाच्या वेगाचा प्रश्न त्याच्याच शेजारचा आहे. अशा रुग्णेला ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगण्यापूर्वी शौचालय किती अंतरावर आहे, रात्री ते उघडे असते का, हे वैद्यकाने विचारावयास हवे. रोगवृत्ताच्या नेहमीच्या प्रश्नांत हे दोन सहसा नसतात.