वाफेच्या इंजिनाची निगा

वाफेचे इंजिन उतारूंच्या गाड्या ओढू लागले, त्याला आता सुमारे दोनशे वर्षे होत आली. १८३० च्या सप्टेंबरात इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग सुरू झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला अमेरिकेतील चार्ल्सटन येथे ‘बेस्ट फ्रेंड’ नावाचे इंजिन उतारूंना घेऊन धावू लागले. धावणारे इंजिन सर्व जण कौतुकाने पाहत. त्यामागचे कष्ट मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नसत.

गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी आगवाला कामास लागे. भट्टीच्या जाळीवर साचलेली राख तो प्रथम काढून टाकी. कारण जाळीतून वारा खेळला नाही, तर आग नीट पेटत नाही. मग तो बेताबेताने आग वाढवी. घाई केली, तर बॉयलरचे पत्रे कमीअधिक तापून सांधे उलत. चाकांचे आस आणि दांडे यांना तेल किंवा चरबी द्यावी लागे. नाहीतर ते घर्षणाने तापत.

सर्वांत अधिक काळजी पाण्याची. घरच्या बंबात क्षारांचे पांढरे पुट धरलेले तुम्ही पाहिले असेल. बॉयलरमध्येही तसेच पुट धरते. त्यामुळे उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही आणि पत्रा फाजील तापून दुबळा होतो. म्हणून ठराविक काळाने इंजिन थंड करून बॉयलर आतून धुऊन काढीत. भट्टीच्या माथ्यावर पाणी सदैव असलेच पाहिजे, हा तर पहिला नियम होय.

वाफेचा दाब वाजवीपेक्षा वाढला, तर ती बाहेर पडावी म्हणून बॉयलरला सुरक्षा-झडप असते. १७ जून १८३१ रोजी ‘बेस्ट फ्रेंड’च्या झडपेतून मोठ्या आवाजाने वाफ निघत होती. तो आवाज असह्य होऊन आगवाल्याने झडप दाबून धरली, असे सांगतात. आवाज थांबला, पण वाफेची वाटही बंद झाली. बॉयलर फुटला आणि तो आगवाला प्राणास मुकला.

त्यानंतर तेथे इंजिन व उतारूंचे डबे यांच्यामध्ये कापसाच्या गठ्ठ्यांनी भरलेली एक गाडी जोडू लागले. गठ्ठ्यांनी स्फोटाचा आघात अडला असता; स्फोट टाळणे मात्र इंजिनावरील माणसांच्याच हाती होते. यंत्र आपले दुखणे आवाजाने सांगत असते. ते ऐकून वेळीच उपाय करणे, हाही निगेचाच भाग होय.